चेक इंजिनचा दिवा आणि झटके देणारी गाडी : सुटा भाग विकत घेण्याआधी काय तपासावे

उभी गाडी थरथरू लागते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते आणि त्याच सुमारास डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग करतेय’ असे म्हणतात. याचा अर्थ, तीन किंवा चार सिलिंडरांपैकी एखाद्यात इंधन वेळेवर पेटत नाही, किंवा अजिबातच पेटत नाही. कारण शंभर रुपयांच्या रबरी नळीचेही असू शकते आणि हेड (सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग) उघडण्याइतके मोठेही. मात्र दोन्ही वेळा दिवा तोच लागतो. आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावी, एकामागून एक भाग बदलून पाहण्याची पद्धत रूढ आहे आणि तिचा सगळा खर्च मालकाच्या खिशातून जातो. पुढे दिलेला क्रम पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे त्याची तपासणी वेगळ्या वाटेने करावी लागते.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या मार्गातील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटत आहे, असे समजावे. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतील सिरॅमिकची जाळी वितळते आणि काहीशे रुपयांच्या प्लगचे काम हजारो रुपयांवर जाते. अशा वेळी पाय हलका ठेवावा, एसी बंद करावा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबावे. औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर ‘एवढा चढ काढू, मग बघू’ म्हणून गाडी रेटणे सर्वांत महाग पडते, कारण इंजिनावर भार जास्त असतानाच मिसिंगही जास्त होते. समृद्धी महामार्गावर दोन इंटरचेंजमधील अंतर बरेच असल्याने पुढच्या इंटरचेंजची वाट न पाहता डाव्या कडेला थांबावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि माणसांना कठड्यापलीकडे उभे करावे.

थांबताना खाली काय आहे तेही पाहावे. तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाशी असतो. वाळलेल्या गवतावर, कडब्यावर, तुराट्यांवर किंवा मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या पिकावर अशी गाडी उभी केल्यास आग लागू शकते.

तेलाच्या चंबूचा किंवा तापमानाचा लाल दिवा हे वेगळे प्रकरण आहे. तो दिसताच इंजिन बंद करावे. त्यानंतर एक किलोमीटरही चालवू नये.

लक्षण केव्हा दिसते याची नोंद

बोनेट उघडण्याआधी कागदावर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्रास सकाळी थंड इंजिनावर होतो की इंजिन गरम झाल्यावर, उभ्या गाडीत होतो की चढावर, एसी लावल्यावर वाढतो का, पेट्रोलवर गाडी नीट चालते आणि सीएनजीवर बिघडते असे आहे का, पंपावर इंधन भरल्यावर किंवा कोणी काही काम केल्यावर सुरू झाला का, या प्रश्नांच्या उत्तरांतून अर्धे निदान होते. सर्व्हिसिंग करून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी अडखळू लागली, तर आधी सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागाच पाहाव्यात : एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, सेन्सरचा कनेक्टर, नीट न बसलेली डिपस्टिक किंवा ऑइलचे झाकण.

कोड वाचावा, पुसू नये

भारत स्टेज-६ ची (वाहनांच्या धुराबाबतची) अट १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानंतरच्या सर्व आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड मोबाइलवर वाचता येतो. गाडी पाच-सात वर्षांची झाली असेल, तर असा स्कॅनर घरात असणे ही चैन नव्हे.

पी ०३०१, पी ०३०२, पी ०३०३, पी ०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमधील मिसिंग दाखवतात. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरती नाही. पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त आणि पी ०१७२ म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. पी ०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या (प्लगच्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाच्या) विद्युत मंडलाचे, तर पी ०२०१ पासूनचे इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या भागाच्या) मंडलाचे असतात. पी ०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे सांगतो. मिसिंगच्या जोडीने तो आला असेल तर बहुधा तो परिणाम असतो, कारण नसते. कोडमुळे तक्रार कोठे आहे ते समजते, कोणता भाग आणायचा ते समजत नाही. पी ०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ‘हवा जास्त आहे’ अशी खरी बातमी देणाऱ्यालाच शिक्षा करणे होय.

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम, वेग, भार आणि इंजिनाचे तापमान किती होते ते तिच्यात मिळते. तिचा फोटो काढून ठेवावा. बॅटरीची वायर काही मिनिटे काढून दिवा घालवण्याची युक्ती अनेक मिस्त्री वापरतात. तिने हा पुरावा पुसला जातोच, शिवाय इंजिनाच्या संगणकाने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्याही जातात आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनाचे चालणे, काही काळ आणखी बिघडते.

डोळ्यांनी दिसणारे आधी

इंजिन थंड असताना बोनेट उघडावे. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. तो काढून उजेडासमोर धरावा. उजेड दिसत नसेल तर बदलावा. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंत) जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का ते पाहावे, कारण ती चीर वरून दिसत नाही. बारीक व्हॅक्यूम पाइप दोन्ही टोकांना घट्ट बसलेले आहेत का ते बोटाने ओढून पाहावे.

यानंतर उंदीर. शेतातली पिके निघाली की उंदीर वस्तीकडे येतात आणि रात्री उबदार इंजिनावर मुक्काम करतात. शेंगांची टरफले, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्या तर इंजेक्टर आणि कॉइलकडे जाणाऱ्या वायरी बोटांनी शेवटपर्यंत चाचपाव्यात. कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू नये; ती सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी, नाहीतर पावसाळ्यात तोच बिघाड परत येतो.

प्लग आणि कॉइल

एकाच सिलिंडरचा कोड असेल तर खरी तपासणी येथे सुरू होते. प्लग कधीही गरम इंजिनातून काढू नये, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि आटे निघून येण्याची भीती असते. इग्निशन बंद करून कॉइलचा कनेक्टर सोडवावा, बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढावी आणि प्लग सैल करण्याआधी खड्ड्यातील धूळ सायकलच्या पंपाने का होईना, फुंकून काढावी. हे न केल्यास माती थेट सिलिंडरमध्ये पडते.

काढलेले प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जास्त इंधन किंवा क्षीण ठिणगी सुचवते. टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन येते आहे पण ठिणगी पडत नाही. तेलकट टोक पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवते. मात्र तेल टोकावर नसून वरच्या खड्ड्यात साचलेले असेल, तर टॅपेट कव्हरचे (हेडच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग गळते आहे आणि ते बदलणे सोपे आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे तो सिलिंडर जास्त तापतो आहे.

टोकापेक्षा पोर्सिलीन अधिक बारकाईने पाहावे, असे माझे मत आहे. जालन्यातील एका तीन सिलिंडरच्या हॅचबॅकचे दोन सेन्सर बदलून झाले होते, तरी पी ०३०२ जात नव्हता. दुसऱ्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ वरच्या टोकापासून पाना बसतो त्या षटकोनापर्यंत गेलेली होती आणि कॉइलची रबरी टोपी उलटवून पाहिल्यावर आतही तिच्याच समोर तशीच रेघ सापडली. ठिणगी सिलिंडरमध्ये न पडता बाहेरूनच त्या रेघेने लोखंडात उतरत होती. अशा वेळी प्लग आणि टोपी दोन्ही एकदम बदलावे लागतात. एकच बदलल्यास जुनी रेघ नव्या भागावर पुन्हा उमटते.

डोळ्यांना काहीच दिसले नाही तर अदलाबदल करावी. समजा, कोड पी ०३०१ आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब आहे. पी ०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग तसेच प्लगचे करून पाहावे. एका वेळी एकच वस्तू हलवावी, कारण दोन्ही एकदम हलवल्यास कोड सरकला तरी दोषी कोण ते कळत नाही. नेहमीच्या हॅचबॅक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूचा सिलिंडर पहिला आणि गिअरबॉक्सकडचा शेवटचा असतो, तरी आपल्या गाडीची पुस्तिका पाहून खात्री करावी. काही जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनांत एक कॉइल दोन प्लगना ठिणगी देते. तेथे पहिला आणि चौथा, किंवा दुसरा आणि तिसरा सिलिंडर जोडीने गेला तर संशय कॉइलवर घ्यावा.

चालू इंजिनातील प्लगची वायर ओढून आवाज बदलतो का ते पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि त्या सिलिंडरचे कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. तीच परीक्षा हाताला पोहोचत असलेल्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून घेता येते : कनेक्टर काढल्यावर आरपीएम घसरले तर तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर मेलेला सिलिंडर तोच.

नवा प्लग लावताना पुस्तिकेतील क्रमांकाचाच घ्यावा. तो आधी हातानेच फिरवत तळाला टेकवावा, म्हणजे आटे वाकडे बसत नाहीत. टॉर्क पाना नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळावा. जुनाच परत लावायचा असेल तर फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. इरिडियम प्लगची फट घरी वाकवून जुळवू नये, त्याची बारीक सुई तुटते.

सीएनजीवरच मिसिंग होत असेल

सीएनजी पेटवण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते. अशा गाडीत आधी प्लग-कॉइल, त्यानंतर गॅसचा फिल्टर आणि शेवटी गॅसचे इंजेक्टर व रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) असा क्रम ठेवावा. गॅसच्या दाबाच्या बाजूचे कोणतेही नट घरी सोडू नयेत. ते काम अधिकृत किट बसवणाऱ्याचे आहे. बरीच वर्षे सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली) फट कमी होते आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. थंड असताना मिसिंग नाही पण गरम झाल्यावर आयडलिंगला होते, असे असेल तर टॅपेटची फट मोजून घ्यावी.

पी ०१७१ आणि फ्युएल ट्रिम

स्कॅनरमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा टक्क्यांत दिसतो. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन देतो आहे, ते त्यातून कळते. शून्याच्या आसपास पाच टक्के वर-खाली चालते. दीर्घकालीन आकडा सतत +१० टक्क्यांच्या वर असेल तर कारण शोधावे. इंजिन गरम करून आधी आयडलिंगला आणि मग अडीच हजार आरपीएमवर हा आकडा पाहावा. आयडलिंगला तो मोठा असेल आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कोठून तरी चोरवाटेने हवा शिरते आहे. उलट भार वाढल्यावर आकडाही वाढत असेल, तर इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमी पडतो आहे. एवढ्या एका तुलनेने कित्येक सेन्सर वाचतात. हवेची गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारण्याचा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. धुराचे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये थोडे पैसे देऊन ती चाचणी करून घ्यावी.

थ्रॉटल बॉडीत काजळी साचल्यानेही आयडलिंग डळमळते. ती साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलू नये.

इंधन, ऊन आणि बोअरचे पाणी

टाकी भरल्यावर थोड्याच अंतरात गाडी अडखळू लागली तर पंपाची पावती जपून ठेवावी. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे : कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहू नये. आताच्या पेट्रोलमध्ये आपल्याकडच्या साखर कारखान्यांतूनही येणारे इथेनॉल असते आणि ते पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नये.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर निमूटपणे सुरू होणारी गाडी हमखास भेटते. बंद पडल्यावर लगेच स्टार्टर मारत स्कॅनरवरचे आरपीएम पाहावे. इंजिन फिरत असूनही आकडा शून्यच राहिला तर क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा) संदेश तुटतो आहे. पी ०३३५ हा त्याचाच कोड.

रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी टाकण्याची सवय हे आपल्या भागाचे खास दुखणे आहे. क्षारांचे थर साचतात, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट (हेडखालचे पॅकिंग) जाते. कूलंट कमी होते पण खाली ठिपका दिसत नाही, सकाळी सुरू करताना काही वेळ मिसिंग होते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर प्लगवर पैसे घालवू नयेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगूनही दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो.

यानंतरही कारण सापडले नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. सर्व प्लग काढून, इंधन व ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ही चाचणी होते. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दाब मिळतो, पण सिलिंडरांमधील फरक अधिक महत्त्वाचा असतो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी निदान पीयूसीची चिठ्ठी वाचावी. तिच्यावरील एचसी हा आकडा न जळलेल्या इंधनाचा असतो. एचसी खूप जास्त आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी असेल तर मिसिंगचा संशय घ्यावा. सीओ जास्त असेल तर इंधन जास्त पडते आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी सकाळच्या थंड इंजिनापासून गरम होईपर्यंत, गावातून आणि मोकळ्या रस्त्यावरूनही चालवावी. कोड न पुसताही बिघाड खरोखर गेला असेल तर साधारणपणे सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. काढलेला जुना भाग आणि कोडचा फोटो दिवा परत न लागल्याची खात्री होईपर्यंत फेकू नये, आणि या काळात स्कॅनरमधील ‘पेंडिंग’ कोड अधूनमधून पाहावेत, कारण दिवा लागण्याआधी बिघाड तेथे दिसतो.